जखमींचा आकाशमार्ग : भारत–ब्रह्मदेश आघाडीवरील हवाई रुग्णवाहतूक आणि वाचलेली माणसे (१९४३–१९४४)

प्रस्तावना

अपघातात सापडलेल्या किंवा अचानक गंभीर आजारी पडलेल्या माणसाला विमानाने अथवा हेलिकॉप्टरने रुग्णालयात नेले, ही बातमी आज आपण अनेकदा वाचतो. बातमीत विमान असते, किती मिनिटांत किती अंतर कापले हे असते आणि शेवटी ‘रुग्णाचे प्राण वाचले’ असे एक वाक्य असते. या पाठात आपण त्या शेवटच्या वाक्याचा इतिहास पाहणार आहोत. माणूस विमानामुळे वाचला असे म्हणताना नेमके काय काय घडलेले असते? जो वाचला नाही त्याची नोंद कुठे राहते? आणि आजारी माणसाला हवेतून नेता येते हे एकदा सिद्ध झाल्यावर त्याला मागे सोडून जाण्याकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलते?

हवाई रुग्णसेवेच्या इतिहासात ऑस्ट्रेलियाचे नाव बहुधा पहिले येते आणि ते योग्यच आहे. १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी येथून डॉक्टरला घेऊन पहिले विमान उडाले आणि ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवेची सुरुवात झाली. पण हजारोंच्या संख्येने जखमी आणि आजारी माणसे हवेतून हलवण्याचा एक फार मोठा प्रयोग आपल्या भूमीवर झाला, हे आपल्याला फारसे सांगितले जात नाही. कराची, आसामातील चबुआ, कछारचे लालाघाट, मणिपूरचे खोरे आणि दिब्रुगडजवळची ब्रह्मपुत्रा ही या इतिहासातील ठिकाणे आहेत. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, मुख्यतः १९४३ आणि १९४४ ही दोन वर्षे.

१. विमानाआधी जखमीचा प्रवास

प्रथम भूगोल लक्षात घ्या. भारत आणि ब्रह्मदेश यांच्यामध्ये उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगररांगा आहेत. त्यांवर दाट जंगल आहे आणि जगातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी काही भाग याच पट्ट्यात येतात. १९४२ मध्ये जपानी सैन्याने ब्रह्मदेश घेतला तेव्हा ब्रिटिश-भारतीय सैन्य आणि लाखो निर्वासित याच डोंगरांतून पायी भारताकडे आले. शेवटच्या आठवड्यांत विमानांनी हजारो माणसे बाहेर काढली आणि त्यांत जखमीही होते. मे महिन्याच्या सुरुवातीला उत्तर ब्रह्मदेशातील मिच्चिनाचा विमानतळ जपान्यांच्या हाती गेला आणि तो मार्ग बंद झाला.

जंगलात पायाला गोळी लागलेल्या सैनिकाची कल्पना करा. त्याला उचलायला स्ट्रेचर लागतो आणि स्ट्रेचर उचलायला चार माणसे लागतात. डोंगरवाटेवर ती थकतात, म्हणून बदलीची आणखी चार लागतात. शत्रूपासून रक्षणासाठी सोबत सैनिक हवेत. म्हणजे एक जखमी माणूस दहा-बारा धडधाकट माणसांना लढाईबाहेर नेतो. पुढे खेचर, मग नदीतील होडी, मग ट्रक, मग रेल्वे. या प्रवासात जखम चिघळते, रक्त वाहत राहते, आमांश आणि हिवताप जडतात. गोळीने न मेलेला माणूस वाटेवर मरतो.

आजाराचे प्रमाण तर जखमांहून कितीतरी मोठे होते. चौदाव्या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम यांनी नोंदवलेले आकडे बोलके आहेत. १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे पाठवलेल्या दर एका सैनिकामागे १२० सैनिक आजारी म्हणून पाठवले जात होते. हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकूण सैन्यसंख्येच्या ८४ टक्के होते. हिवताप झालेला सैनिक शेकडो मैल मागे भारतातील रुग्णालयात जाई आणि आपल्या पलटणीत परतायला त्याला सरासरी पाच महिने लागत.

विमानाने हा वेळ किती कमी होतो हे त्याआधीही ठाऊक होते. पहिल्या महायुद्धात १९१७ साली तुर्कस्तानविरुद्धच्या आघाडीवर ब्रिटिशांच्या उंटदळातील एका सैनिकाच्या घोट्याला गोळी लागली होती. त्याला विमानाने ४५ मिनिटांत रुग्णालयात नेण्यात आले. जमिनीवरून त्याच प्रवासाला सुमारे तीन दिवस लागले असते. मात्र ते उदाहरण एकट्यादुकट्याचे होते. भारत–ब्रह्मदेश आघाडीवर प्रश्न हजारोंचा होता.

२. मागे राहिलेली माणसे : १९४३ ची चिंडिट मोहीम

फेब्रुवारी १९४३ मध्ये ऑर्ड विंगेट यांच्या नेतृत्वाखाली सुमारे तीन हजार सैनिक चिंडविन नदी ओलांडून जपानी आघाडीच्या मागे गेले. यांत ब्रिटिश होते, गुरखे होते आणि ब्रह्मदेशातील सैनिकही होते. त्यांना ‘चिंडिट’ म्हणून ओळखले जाते. अन्न आणि दारूगोळा त्यांना विमानातून पॅराशूटने मिळत असे. विमान वस्तू खाली टाकू शकत होते, पण माणूस वर उचलू शकत नव्हते. मोहिमेतील सर्वांत कठीण प्रश्न इथेच होता. जो चालू शकत नाही त्याचे काय करायचे?

उत्तर क्रूर होते. चालता न येणाऱ्याला मागे ठेवायचे. कुणाला एखाद्या खेड्यातील गावकऱ्यांच्या हवाली केले गेले, कुणाला झाडाखाली पाण्याची बाटली आणि शस्त्र देऊन सोडले गेले. मोहीम संपली तेव्हा तीन हजारांपैकी सुमारे २,२०० परतले आणि त्यांतील सुमारे ६०० जणच पुन्हा लढण्याजोगे उरले. एखादा घोटा मुरगळणे म्हणजे मृत्यूची शिक्षा ठरू शकते, हे प्रत्येक सैनिकाला कळून चुकले होते. याचा मनोबलावर काय परिणाम झाला असेल याचा तुम्हीच विचार करा.

त्या काळोखात एक अपवाद घडला. एप्रिल १९४३ च्या अखेरीस एका तुकडीला जंगलात मोकळे मैदान सापडले. सैनिकांनी पॅराशूटच्या कापडाने जमिनीवर मोठी अक्षरे मांडून विमानाला उतरण्याची विनंती केली. ब्रिटिश हवाई दलाच्या ३१ व्या स्क्वाड्रनचा वैमानिक मायकेल व्लास्टो याने आपले डाकोटा विमान त्या मैदानात उतरवले आणि दीड डझनाच्या आसपास आजारी व जखमी सैनिकांना घेऊन ते पुन्हा उडवले. ते सैनिक काही तासांतच भारतात पोहोचले. त्यांचे सोबती मात्र पुढे कित्येक दिवस चालत होते आणि त्यांतील अनेक परतलेच नाहीत.

संख्येने ही घटना लहान आहे, परंतु तिचा पुरावा म्हणून उपयोग मोठा झाला. ऑगस्ट १९४३ मध्ये कॅनडातील क्वेबेक येथे चर्चिल आणि रूझवेल्ट यांची परिषद झाली. तिथे विंगेट यांनी पुढच्या मोहिमेसाठी जी मदत मागितली तीत जखमींना बाहेर काढणारी हलकी विमाने हा महत्त्वाचा भाग होता. त्यातून अमेरिकेचे पहिले ‘एअर कमांडो’ दल उभे राहिले.

३. कराची ते वॉशिंग्टन : एका परिचारिकेचा अहवाल

आता आघाडीपासून दूर, कराचीकडे वळू. जानेवारी १९४३ मध्ये तेथील अमेरिकी लष्करी रुग्णालयातील लेफ्टनंट एल्सी ऑट या परिचारिकेला हुकूम मिळाला की पाच रुग्णांना विमानाने अमेरिकेला घेऊन जायचे आहे. तयारीला एक दिवस होता. तोपर्यंत त्या स्वतः कधी विमानात बसल्याही नव्हत्या. पाचपैकी दोघांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले होते, एकाला क्षयरोग होता, एकाला काचबिंदू आणि एकाला मानसिक आजार. मदतीला होता एक वैद्यकीय सार्जंट आणि तोही संधिवाताने बेजार. सोबत अंथरुणे-पांघरुणे आणि प्रथमोपचाराची साधी पेटी. डॉक्टर नव्हताच.

१७ जानेवारीला विमान निघाले. वाटेत मुक्काम घेत, आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून ते साडेसहा दिवसांनी वॉशिंग्टनला पोहोचले. पाचही रुग्ण सुखरूप होते. हाच प्रवास जहाजाने केला असता तर सुमारे तीन महिने लागले असते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांच्या धैर्याइतकेच लक्ष त्यांच्या अहवालाकडे द्यायला हवे. विमानात प्राणवायू हवा, मलमपट्टीचे सामान जास्त हवे, पांघरुणे जास्त हवीत, कॉफी हवी, आणि परिचारिकेच्या गणवेशातील स्कर्ट या कामाला निरुपयोगी आहे, असे त्यांनी लिहिले. या मागण्या साध्या वाटतात. पण ‘विमानात रुग्ण ठेवणे’ आणि ‘विमानात रुग्णाची शुश्रूषा करणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. उंचीवर हवा विरळ होते, थंडी वाढते आणि धक्के बसतात. लुळ्या पडलेल्या माणसाची कूस कोणीतरी बदलावी लागते, नाहीतर अंगाला व्रण पडतात. हे सगळे ज्याला कळते असा माणूस सोबत नसेल तर विमान हे सामान वाहणारे वाहनच राहते.

ऑट यांना अमेरिकेचे ‘एअर मेडल’ मिळाले आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस हवाई रुग्णवाहतुकीसाठी खास प्रशिक्षित परिचारिकांचे ८०३ वे पथक आसामातील चबुआ येथे येऊन काम करू लागले.

४. लालाघाट : पहिले हेलिकॉप्टर

मार्च १९४४ मध्ये चिंडिटांची दुसरी मोहीम सुरू झाली. ५ मार्चच्या रात्री कछारमधील लालाघाटच्या धावपट्टीवरून डाकोटा विमाने ग्लायडर ओढत ब्रह्मदेशाकडे निघाली. ग्लायडरमधून उतरलेल्या सैनिकांनी जंगलात धावपट्ट्या तयार केल्या. आता मोठी विमाने शत्रूच्या मागे उतरू शकत होती.

जखमी माणूस बाहेर कसा येई ते समजून घ्या. जिथे चकमक झाली त्याच्या जवळ, नदीकाठच्या वाळूवर किंवा भाताच्या खाचरात दोन-तीनशे मीटरची सपाट जागा करायची. तिथे एल-५ सारखे छोटे विमान उतरे आणि एका वेळी एक स्ट्रेचर घेऊन उडे. ते जखमीला जंगलातील मोठ्या धावपट्टीवर आणी. तिथून परतीचे डाकोटा त्याला आसाम किंवा बंगालमधील रुग्णालयात नेई. सकाळी गोळी लागलेला सैनिक संध्याकाळपर्यंत शस्त्रक्रियेच्या टेबलावर येऊ शकत होता. वर्षापूर्वी याच माणसाला झाडाखाली सोडून द्यावे लागले असते.

पण छोट्या विमानालाही धावपट्टी लागतेच. ती नसेल तर? २१ एप्रिल १९४४ रोजी हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. तीन ब्रिटिश सैनिकांना घेऊन जाणारे एक हलके विमान जपानी हद्दीत कोसळले. त्याचा अमेरिकी वैमानिक एड ह्लाडोव्हचॅक आणि तिघे सैनिक जिवंत होते, परंतु जवळपास विमान उतरेल अशी जागा नव्हती.

लालाघाटला एअर कमांडोंकडे सिकोर्स्की कंपनीची नवी हेलिकॉप्टरे होती. त्यांतील एक घेऊन लेफ्टनंट कार्टर हारमन निघाले. इंजिन सुमारे १८० अश्वशक्तीचे, म्हणजे आजच्या एखाद्या दमदार मोटारीएवढे. जास्तीचे इंधन सोबत घेऊन, टप्प्याटप्प्याने सुमारे सहाशे मैलांचा प्रवास करून ते जंगलातील ‘ॲबरडीन’ या धावपट्टीवर पोहोचले. उष्ण आणि दमट हवा विरळ असते आणि अशा हवेत ते यंत्र वैमानिकाखेरीज फक्त एका माणसाला उचलू शकत होते. म्हणून चार माणसांसाठी चार खेपा. २५ एप्रिलला दोन सैनिक बाहेर आले. मग इंजिन तापले आणि काम थांबले. रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी तिसरा सैनिक आणि शेवटी वैमानिक. हेलिकॉप्टर प्रत्येकाला जवळच्या वाळूच्या पट्टीपर्यंत आणी आणि तिथून छोटे विमान त्याला पुढे नेई. युद्धातील हेलिकॉप्टरने केलेली पहिली सुटका म्हणून ही घटना नोंदली गेली आहे.

या घटनेतून एक गोष्ट टिपून ठेवा. हेलिकॉप्टर एकटे पुरेसे नव्हते. वरून त्या चौघांना शोधणारे व सामान टाकणारे विमान, वाळूवर वाट पाहणारे विमान, जंगलातली धावपट्टी आणि सीमेपलीकडचे रुग्णालय, या साखळीची एक कडी तुटली असती तरी सुटका अपुरी राहिली असती.

५. इम्फाळ आणि सांगशाक : धावपट्टी असणे आणि नसणे

याच सुमारास जपानी सैन्य मणिपूरमध्ये शिरले. २९ मार्च ते २२ जून १९४४ या काळात इम्फाळचा रस्ता बंद होता. मात्र खोऱ्यात विमानतळ होते. वेढ्याच्या काळात विमानांनी इम्फाळ-कोहिमा भागात सुमारे १९,००० टन सामान आणि १२,००० सैनिक आणले. परतीच्या फेऱ्यांत सुमारे १३,००० जखमी व आजारी आणि ४३,००० बिनलढाऊ माणसे बाहेर नेली गेली.

या आकड्यांमागची व्यवस्था पाहा. जखमींसाठी वेगळी विमाने फारशी नव्हतीच. तांदूळ, दारूगोळा आणि पेट्रोल घेऊन आलेले डाकोटा रिकामे परत जाणार होते. सामान उतरवले की त्याच जागेत स्ट्रेचर बसवायचे. पुरवठ्याचा मार्ग आणि सुटकेचा मार्ग एकच झाला. म्हणून ज्या दिवशी ढगांमुळे पुरवठा थांबे त्या दिवशी जखमींची सुटकाही थांबे.

आता इम्फाळच्या ईशान्येला, उखरूलजवळच्या सांगशाक या नागा गावाकडे पाहा. मार्च १९४४ च्या चौथ्या आठवड्यात ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने तिथे जपान्यांना काही दिवस अडवून धरले. तिच्या सोबत ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. आपल्या गावांतले, आपली भाषा बोलणारे सैनिक तिथे लढले. सांगशाकला धावपट्टी नव्हती. पॅराशूटने टाकलेले सामान अनेकदा जपान्यांच्या हद्दीत पडत होते, पाणी अपुरे होते आणि जखमींना खंदकातच ठेवावे लागत होते. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला. ज्यांना चालता येत होते ते गटागटाने अंधारात निघाले. ज्यांना येत नव्हते त्यांना मागे ठेवावे लागले.

सांगशाक ते इम्फाळ हे अंतर विमानाला काही मिनिटांचे होते. एका ठिकाणचा जखमी आकडेवारीत ‘हवाईमार्गे सुटका’ या सदरात गेला आणि दुसऱ्या ठिकाणचा ‘बेपत्ता’ या सदरात. दोघांच्या जखमा सारख्या असतील, शौर्य सारखे असेल. फरक होता एका सपाट जागेचा.

६. ब्लॅकपूल आणि इंडॉजी : नैतिक प्रश्न

मागे राहण्याची भीती का होती? ७ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री अराकानमधील सिन्झवेया येथे जपानी सैनिक भारतीय डिव्हिजनच्या वैद्यकीय केंद्रात घुसले आणि त्यांनी रुग्ण व डॉक्टर मिळून तीसहून अधिक जणांना ठार केले. ही बातमी साऱ्या आघाडीवर पसरली.

या पार्श्वभूमीवर मे १९४४ मधील ‘ब्लॅकपूल’ या चिंडिट ठाण्याची घटना वाचावी लागते. ठाण्याला धावपट्टी होती तोवर जखमी बाहेर जात होते. शत्रूच्या तोफा जवळ आल्या आणि धावपट्टी गेली. २५ मे रोजी पाऊस आणि मारा यांच्यात ठाणे सोडावे लागले. जगण्याची आशा नसलेल्या आणि हलवता न येणाऱ्या १९ सैनिकांना त्यांच्याच बाजूच्या लोकांनी गोळ्या घालून यातनामुक्त केले. हा निर्णय ज्यांच्यावर आला त्या ब्रिगेडचे प्रमुख जॉन मास्टर्स यांनी पुढे आपल्या आठवणींत ही गोष्ट लपवली नाही.

उरलेले शेकडो जखमी आणि आजारी डोंगर ओलांडून इंडॉजी तलावाकाठी आणले गेले. पावसाळ्यामुळे साध्या विमानांना उतरायला जागा नव्हती. पण तलाव होता. समुद्रावर टेहळणी करणारी ‘संडरलँड’ ही पाण्यावर उतरणारी विमाने ब्रह्मपुत्रेवर दिब्रुगडजवळ आणण्यात आली. जून-जुलैच्या ढगाळ हवेत पर्वत ओलांडून ती इंडॉजीच्या पाण्यावर उतरत राहिली आणि त्यांनी सुमारे पाचशे जणांना आसामात आणले.

या दोन घटनांमध्ये जेमतेम काही आठवड्यांचे अंतर आहे. ब्लॅकपूलमधील निर्णय योग्य की अयोग्य हे आज सुरक्षित ठिकाणी बसून ठरवणे सोपे नाही आणि इतिहासकाराचे ते पहिले कामही नाही. पण बदल नोंदवणे हे आपले काम आहे. १९४३ मध्ये जखमीला सोडून जाणे हे युद्धातील दुर्दैव मानले गेले. १९४४ मध्ये तीच गोष्ट व्यवस्थेचे अपयश वाटू लागली, कारण सुटका शक्य आहे हे सर्वांनी पाहिले होते. जे शक्य नाही त्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. जे शक्य झाले त्याचे हळूहळू कर्तव्य होते.

७. वाचले कोण? आकडे वाचताना

‘१३,००० जणांची हवाई सुटका’ हा आकडा आपल्याला काय सांगतो? इतकी माणसे विमानात चढली, एवढेच. त्यांतील किती जगली हे तो सांगत नाही. आजच्या बांगलादेशातील कोमिल्लाजवळ मैनामती येथे युद्ध दफनभूमी आहे. कोमिल्लाला त्या काळी लष्करी रुग्णालये होती. तिथल्या सातशेहून अधिक कबरींमध्ये या रुग्णालयांत मरण पावलेल्यांच्या अनेक कबरी आहेत. ज्यांना रुग्णालय गाठता आले पण घर गाठता आले नाही, अशांची ती नोंद आहे. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन होत असल्याने त्यांच्या कबरी नाहीत. कोहिमाच्या दहनस्मारकावर अशी ९१७ नावे कोरलेली आहेत.

दुसरी गोष्ट, वाचण्याचे श्रेय कशाला द्यायचे? याच काळात सल्फा औषधे, पेनिसिलिन, साठवलेले रक्त आणि आघाडीजवळच्या शस्त्रक्रिया यांचा वापर वाढला. स्लिम यांनी सैन्याच्या आरोग्यासाठी चार उपाय योजले होते : नवे वैद्यकीय संशोधन वापरणे, आजाऱ्यांवर आघाडीजवळच उपचार करणे, गंभीर रुग्णांना विमानाने हलवणे आणि मनोबल वाढवणे. यांतील दुसरा उपाय नीट पाहा. हिवतापाच्या रुग्णाला मागे पाठवण्याऐवजी आघाडीपासून काही मैलांवरच्या उपचार केंद्रात ठेवले जाऊ लागले आणि पाच महिन्यांऐवजी तो काही आठवड्यांत परत येऊ लागला. म्हणजे कुणाला विमानाने न्यायचे हे ठरवताना कुणाला न्यायचे नाही हेही ठरवावे लागले. १९४३ मध्ये रोज दर हजारी सुमारे १२ सैनिक आजारी पडत. १९४५ पर्यंत हे प्रमाण दर हजारी एकापर्यंत उतरले. यात विमानाचा वाटा आहे, पण मेपाक्रिनची रोजची गोळी आणि संध्याकाळी खाली केलेल्या शर्टाच्या बाह्या यांचा वाटा मोठा आहे.

तिसरी गोष्ट, कुणाचा आवाज उरला? वैमानिकांची आणि अधिकाऱ्यांची नावे मिळतात. हारमन पुढे अमेरिकेत संगीत समीक्षक म्हणून ओळखले गेले. त्यांनी उचललेल्या तीन सैनिकांबद्दल मात्र बहुतेक वर्णनांत ‘तीन ब्रिटिश सैनिक’ एवढेच असते. भारतीय जवान, हमाल, स्ट्रेचर वाहणारे नागा आणि मणिपुरी लोक यांचे अनुभव त्याहून कमी नोंदले गेले. आणि वाचणे म्हणजे पूर्वीसारखे होणेही नव्हे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्येच सुरू झाले, हा योगायोग नाही. हातपाय गमावूनही जिवंत राहिलेल्या सैनिकांची संख्या वाढली तेव्हा त्यांच्या पुढच्या आयुष्याची सोय करणे भाग पडले. तुमच्या गावात किंवा घरात त्या पिढीतील कुणा सैनिकाची पत्रे, पेन्शनची कागदपत्रे किंवा सांगितलेल्या आठवणी असतील तर त्या जपून ठेवा. हा इतिहास लिहायला असे साहित्यच कमी पडते.

८. पुढचा प्रवास

कोरियाच्या युद्धात (१९५०–५३) हेलिकॉप्टर आणि आघाडीजवळचे फिरते शस्त्रक्रिया रुग्णालय यांची जोडी जमली. भारताची ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली तिथे होती. मार्च १९५१ मध्ये तिच्या एका तुकडीने अमेरिकी सैनिकांसोबत पॅराशूटने उडी घेऊन जखमींवर उपचार केले. इथे दिशा उलटी होती. जखमीला डॉक्टरकडे नेण्याऐवजी डॉक्टर आकाशातून जखमीकडे उतरला.

युद्धातील ही शिकवण १९७० मध्ये नागरी जीवनात आली. त्या वर्षी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात पोलिसांची हेलिकॉप्टरे रस्ता-अपघातातील जखमींना नेऊ लागली. बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. ॲडम्स काउली यांनी ‘सुवर्ण तास’ ही कल्पना तिथेच रुजवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील म्युनिक येथे ‘क्रिस्टोफ १’ हे बचाव हेलिकॉप्टर सेवेत आले.

भारतात १९८४ पासून सियाचिनच्या हिमनदीवर ‘चीता’ हेलिकॉप्टरे आजारी व जखमी जवानांना खाली आणत आहेत. तिथली अडचण लालाघाटच्या जुन्या यंत्रासारखीच आहे : विरळ हवा आणि मोजकीच वजनक्षमता. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ऋषिकेशच्या एम्समधून उत्तराखंडसाठी हेलिकॉप्टर रुग्णसेवा सुरू झाली. मे २०२५ मध्ये केदारनाथला उतरताना तिच्या हेलिकॉप्टरला अपघात झाला. आतील सर्वजण बचावले, पण दुसऱ्याचा जीव वाचवायला निघालेले पथकही धोक्यातच उडत असते, याची ती आठवण होती.

सारांश

भारत–ब्रह्मदेश आघाडीवर दोन वर्षांत जखमी माणसाचे नशीब बदलले. त्यामागे विमान होते आणि त्याबरोबर धावपट्टी, परतीच्या फेऱ्यांची आखणी, शुश्रूषा जाणणारी माणसे, रक्त, औषधे आणि रुग्णालये होती. ही साखळी जिथे पोहोचली तिथे माणसे वाचली आणि जिथे ती पोहोचली नाही तिथली माणसे मागे राहिली. आज तुमच्या तालुक्यात हेलिकॉप्टर उतरेल अशी जागा आहे का, आणि ते जिथे जाईल त्या रुग्णालयात शल्यचिकित्सक व रक्तपेढी आहे का, हे प्रश्न विचारताना सांगशाक आणि इम्फाळ यांच्यातील फरक आठवावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १९४३ आणि १९४४ च्या चिंडिट मोहिमांत जखमींच्या व्यवस्थेत कोणते बदल झाले? त्यांची कारणे लिहा.

२. एल्सी ऑट यांच्या अहवालातून हवाई शुश्रूषेच्या कोणत्या गरजा पुढे आल्या?

३. ‘हवाई सुटका झालेल्यांची संख्या’ आणि ‘वाचलेल्यांची संख्या’ यांत फरक का करावा लागतो? मैनामती आणि कोहिमा येथील स्मारकांच्या आधारे स्पष्ट करा.

४. हिवतापाच्या रुग्णांना आघाडीजवळच ठेवण्याचा निर्णय हवाई वाहतुकीला पूरक होता की विरोधी? तुमचे मत कारणांसह मांडा.

५. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या दुर्गम गावातून गंभीर रुग्णाला शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचायला कोणकोणते टप्पे लागतात याचा तक्ता करा आणि त्या साखळीतील सर्वांत कमकुवत कडी ओळखा.